गोव्यात पहिली पिकअप घेताय? आधी गाडीखाली झोपा

शुक्रवारी पहाटे म्हापशाच्या बाजाराजवळ जाऊन उभे राहा. बेळगावची भाजी, कांदे-बटाट्याची पोती, केळीचे घड, प्लास्टिकच्या बादल्या, सगळं पिकअपमधून उतरत असतं. गाड्यांच्या तोंडावर दोन-तीनच नावं पुन्हा पुन्हा दिसतात. नवखा माणूस त्यावरून ठरवून टाकतो की सगळे घेतात तीच चांगली. मीही तसंच ठरवलं होतं. आमचं डिचोलीत हार्डवेअरचं दुकान. आज मागच्या आवारात तीन पिकअप उभ्या असतात, पण पहिल्या दोन घेताना मी जे पैसे घालवले ते कुणी चार गोष्टी वेळेवर सांगितल्या असत्या तर वाचले असते. त्याच इथे सहा पायऱ्यांत लिहितोय. पहिल्यांदा पिकअप घेणाऱ्यासाठी आहेत, जुने चालक हसतील.

पायरी १: माल आणि वाट ठरवा, गाडी नंतर

"कुठली घेऊ?" असं विचारत कुणी दुकानात आला की मी आधी विचारतो, हौद्यात काय घालणार आणि कुठे नेणार? निम्मी पोरं इथेच अडखळतात.

चिऱ्यांचं उदाहरण घ्या, गोव्यात घर बांधणाऱ्या प्रत्येकाला ते लागू आहे. जांभ्याचा एक चिरा आकाराप्रमाणे २५ ते ३५ किलो भरतो, पावसात भिजलेला असेल तर आणखी. म्हणजे ५० चिरे घातले की दीड टन झाला. गिऱ्हाईक मात्र म्हणणार, "घाल रे अजून वीस, एवढ्याशासाठी दुसरी खेप कशाला?" गाडी किती उचलू शकते हे शोरूमच्या पोराला विचारू नका. आरसी बुकात दोन आकडे असतात, एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. पहिल्यातून दुसरं वजा केलं की जे उरतं तेवढाच माल. त्यात ताडपत्री, दोर, जॅक आणि हौद्यात बसलेले दोन हमालही आले. जास्त माल घालून पकडलात तर मोटार वाहन कायद्याखाली दंड २०,००० रुपये, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला २,००० आणि जादा माल तिथेच उतरवायचा. रस्त्याच्या कडेला वीस चिरे उतरवून बसलेला माणूस मी पाहिलाय, त्याला दंडापेक्षा त्याची लाज जास्त वाटत होती.

ढोबळ हिशेब असा. दूध, पाव, किराणा, पाण्याचे बाटले, गावातल्या अरुंद वाटा असा धंदा असेल तर छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, किंवा त्याच्या वर्गातली गाडी पुरते. टाटा एस २००५ साली आली तेव्हा तिचं इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं होतं, आणि माल पाऊण टनाच्या आसपास. सपाटीवर राणी, पण भरलेली घेऊन चोर्लाघाट चढताना मागच्या गाड्यांच्या शिव्या खायची तयारी हवी. सिमेंट, लोखंड, चिरे, बेळगावची भाजी असेल तर बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त या वर्गात या. टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस ही वेगळीच जात. पाच जण बसतात, लांबी सव्वापाच मीटरच्या वर, फोर-व्हील ड्राइव्ह मिळतो. बागायत असेल, होमस्टे असेल, हौस असेल तर जरूर घ्या, पण तिच्यावर भाडी मारून हप्ता फेडायचं स्वप्न बघू नका. आणि साळगाव-असगावसारख्या गावातल्या गडग्यांमधून ती वळवून बघितल्याशिवाय तर मुळीच नको.

कायद्याची एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. एकूण वजन ३,००० किलोच्या वर नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. काही पिकअपचं वजन २,९०० च्या घरात मुद्दाम ठेवलेलं दिसतं ते त्यासाठीच. लायसन्सचीही चिंता नको. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केलंय.

पायरी २: मेकॅनिक शोधा, मग कंपनी आपोआप ठरते

ब्रँडचा अभिमान हा आमच्याकडे घराण्यासारखा चालतो. "आम्ही महिंद्रावाले," "आमच्याकडे टाटाच," असं लोक कुळाचं नाव सांगितल्यासारखं सांगतात. माझे बाबा आधी मॅटाडोर चालवायचे, मग टाटा २०७ आली. त्यांना दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसवलं की पहिले दहा किलोमीटर नुसती खोडी काढण्यात जायची. गिअरच लांब, आवाजच वेगळा, आरसाच लहान.

या अभिमानाला मी हसत नाही. त्याच्या मागे हिशेब आहे. वाळपईत, साखळीत, फोंड्यात ज्या गाड्या जास्त, त्यांचे मेकॅनिक जास्त. त्यांची क्लच प्लेट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, भंगारवाल्याकडे दरवाजा मिळतो, नवा ड्रायव्हर पहिल्या दिवशी गाडी चालवतो आणि विकायला काढली की चार गिऱ्हाइकं घरी येतात. गाडी उभी राहिली की भाडं बुडतं आणि हप्ता मात्र चालूच असतो, त्यामुळे दोन तासांत रस्त्यावर येणारी गाडी हीच धंद्याच्या दृष्टीने भरवशाची. ती थोडी खडखडली तरी चालेल.

पण अभिमान फसवतो कुठे तेही ऐका. "माझ्या मामाची पंधरा वर्षं चालली, इंजिन उघडलं नाही," असं सांगणारा खोटं बोलत नसतो. फक्त मामाची गाडी आणि आजची गाडी यांत नावापलीकडे फारसं काही सारखं उरलेलं नाही. मामाच्या गाडीला जुना यांत्रिक पंप होता, दोन पाने आणि एक हातोडी घेऊन ती जागेवर चालू व्हायची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. आता कॉमन रेल म्हणजे संगणकाच्या हुकमावर डिझेल फवारणारी रचना, सेन्सर, धुराच्या नळीत गाळण्या. बिघाड काय आहे ते कळायला मेकॅनिककडे स्कॅनर लागतो. म्हणून भरवशाची चौकशी करताना नाव विचारू नका, तेच मॉडेल, तेच इंजिन, त्याच वर्षांची गाडी चालवणारा माणूस शोधा. तीन-चार वर्षं आणि लाखभर किलोमीटर झालेला. त्याला "गाडी कशी आहे?" विचारलंत तर "मस्त" म्हणणार, कारण स्वतःच्या गाडीला कोण नावं ठेवतो? त्याला विचारा, "शेवटचं मोठं काम काय निघालं आणि किती दिवस गाडी उभी होती?" मग माणूस खुलतो.

आणि हा प्रयोग जरूर करा, अर्धा दिवस जातो पण वाया जात नाही. पाच वस्तूंची चिठ्ठी करा: क्लच सेट, पुढचे ब्रेक पॅड, पुढच्या चाकाचं बेअरिंग, हेडलाइट आणि एक इंजेक्टर. म्हापसा, फोंडा किंवा मडगाव, जे जवळ असेल तिथल्या तीन स्पेअर पार्टच्या दुकानांत जा आणि मनात असलेल्या दोन्ही गाड्यांसाठी विचारा, किंमत किती आणि आत्ता कपाटात आहे का. "मागवावं लागेल, चार दिवस" हे उत्तर ज्या गाडीला जास्त वेळा मिळेल तिच्यापुढे फुली मारा. मी तिसरी गाडी अशीच निवडली. मनात दुसरीच होती, ती दिसायला फार देखणी होती.

बीएस-६ गाड्यांबद्दल एक सूचना. धुराच्या नळीत डीपीएफची गाळणी असेल तर तिच्यातली काजळी जळायला गाडी अधूनमधून सलग, जोरात चालावी लागते. पर्वरी ते म्हापसा, म्हापसा ते पर्वरी अशा छोट्या खेपा मारत राहिलात तर गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागला की त्याच दिवशी हायवेवर अर्धा तास पळवा. "बघू रविवारी" म्हणालात की सर्व्हिस सेंटरचं बिल आलंच. तुमच्या सगळ्याच खेपा पाच-सात किलोमीटरच्या असतील तर छोट्या वर्गातल्या पेट्रोल, सीएनजी किंवा विजेच्या गाडीचा विचार करा.

पायरी ३: स्पेशल एडिशनला भुलू नका, पण समजून घ्या

या विषयाचं मूळ अमेरिकेत आहे. तिथे पिकअप म्हणजे नुसती मालाची गाडी नाही. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून तिथली सर्वांत खपाची पिकअप आहे. त्यातही टेक्सासचं वेड वेगळं, त्या एका राज्याच्या हौसेवर कंपन्या खास गाड्या काढतात. फोर्डची किंग रँच एडिशन तिथल्या एका जुन्या पशुपालन जहागिरीच्या नावावर. टोयोटा टुंड्राची '१७९४ एडिशन' म्हणजे सॅन अँटोनियोतला कारखाना ज्या जमिनीवर आहे तिथलं रँच सुरू झालं ते साल. सगळ्यांत मजेशीर रॅमची गोष्ट. इतर राज्यांत जी गाडी 'बिग हॉर्न' म्हणून विकतात, जवळजवळ तीच टेक्सासमध्ये 'लोन स्टार', म्हणजे त्या राज्याच्या टोपणनावाने, विकतात. बिल्ला बदलला की टेक्सासचा माणूस खूश.

आपल्याकडे हे प्रस्थ अजून लहान आहे. हायलक्सची ब्लॅक एडिशन २०२५ मध्ये आली, काळी जाळी, काळी चाकं, काळे आरसे, पण आत तेच २.८ लिटरचं डिझेल इंजिन. दिसण्यासाठी घेत असाल तर बिनधास्त घ्या, आपले पैसे आपली हौस. फक्त विकताना तेवढे जादा पैसे परत येतील ही आशा ठेवू नका, आणि खास रंगाचं बंपर मोडलं तर ते साध्या बंपरइतक्या सहज मिळेल का ते शोरूममध्येच विचारा.

गोव्याची स्वतःची स्पेशल एडिशन म्हापसा-फोंड्याच्या बॉडीवाल्यांकडे तयार होते. काचेवर 'श्री देव बोडगेश्वर प्रसन्न', मागे पोरांची नावं, हौद्याच्या कडा उंच केलेल्या, वर पाइप नेण्यासाठी रॅक, चतुर्थीत गणपती न्यायला आत मऊ पायघडी. नावं हवी तेवढी घाला. पण कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी सांभाळा. पुढे लोखंडी बुल बार लावू नका, २०१७ च्या शेवटी केंद्राने त्यावर बंदी घातली. आणि हौद्याची मापं कंपनीच्या मापाबाहेर वाढवली तर आरटीओच्या तपासणीत, म्हणजे पासिंगच्या वेळी, अडकाल. मागच्या पाट्यांत (लीफ स्प्रिंगमध्ये) एक जादा पाटा घालून घेणं ही तर इथली आवडती शक्कल. गाडी मागे बसत नाही म्हणून मालक खूश असतो, पण पाटा वाढला म्हणून चॅसिस आणि ब्रेक वाढत नाहीत. भार चॅसिसवर जातो आणि तडा जातो.

पायरी ४: जुनी घेत असाल तर खाली झोपा

हीच पायरी सगळ्यांत महत्त्वाची. गोव्यात इंजिनाच्या आधी पत्रा मरतो.

माझी दुसरी गाडी मी एका डीलरकडून घेतली. सहा वर्षांची, इंजिन मऊ, सीट कव्हर नवं, खालून काळीकुळकुळीत, नुकतंच अंडरकोटिंग मारलेलं. मी म्हटलं, बघा, मालकाने किती जपलीय. दुसऱ्या पावसाळ्यात एका खड्ड्यात आदळली आणि हौदा एका बाजूला कलला. आमच्या मेस्त्रीने खाली जाऊन स्क्रू ड्रायव्हर एका आडव्या पट्टीला टेकवला, तो लोण्यात जावा तसा आत गेला. काळ्या थराखाली नुसता गंज होता. ही गाडी मासळीची होती.

मेस्त्री बाहेर आला, हात पुसले आणि विचारलं, "अरे, घेताना ही खालून बघितलेलीस की वरून?"

"वरून."

"मग आता वरचीच वापर."

मालीम, कुटबण, वास्को, जिथून मासळी उतरते तिथली गाडी रोज बर्फाचं खारट पाणी सांडत जाते. ते हौद्याच्या फटींतून खाली आडव्या पट्ट्यांवर, ब्रेकच्या नळ्यांवर, वायरिंगवर टपकतं. किनाऱ्यावरच्या गावात नुसती उभी राहणारी गाडीसुद्धा खारं वारं खाते. रायबंदर-चोडणसारख्या फेरीवर रोज चढणाऱ्या गाडीची चाकं भरतीला खाऱ्या पाण्यातून जातात. वर तीन मीटरच्या घरातला पाऊस. घाटावर सांगलीत दहा वर्षं ठणठणीत राहिलेली गाडी इथे तीन पावसात सैल पडते, म्हणून तिथून घेतलेली गाडी इथल्यापेक्षा सरस ठरू शकते. फक्त एनओसीचा खटाटोप धरा.

तर जाताना एक जुनी चादर, टॉर्च, लहान हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा. सपाट जागी गाडी लावायला सांगा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा आणि पाठीवर झोपा. चॅसिसच्या दोन्ही लांब दांड्यांवर हातोडीने हलकेच टकटक करत पुढून मागे या. निरोगी लोखंड टणटण वाजतं, गंजलेलं भसभसतं. मागचे पाटे चॅसिसला जोडणाऱ्या शॅकलजवळ, हौद्याच्या आडव्या पट्ट्यांच्या टोकांशी आणि डिझेल टाकीच्या पट्ट्यांखाली जास्त वेळ द्या. वेल्डिंगच्या नव्या रेषा दिसल्या तर कारण विचारा. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर बोट फिरवा, खरखरीत लागल्या तर बदलायचा खर्च किमतीतून कापा. मालक हातोडी बघूनच चिडला तर चादर गुंडाळा आणि घरी या.

वरचं तपासणं त्या मानाने सोपं. गाडी रात्रभर बंद असताना सकाळी जा, गरम इंजिन काहीही लपवतं. स्टार्ट करा, ऑइल घालायचं झाकण उघडा. भकाभका धूर आला तर 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय' म्हणतात, इंजिन उघडायला झालंय. मीटरवरच्या आकड्याला महत्त्व देऊ नका, क्लचच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघा. मग भरलेल्या गाडीने एखादा चढ चढवून बघा. रिकामी पिकअप सगळ्यांचीच छान पळते.

पायरी ५: कागद

पिवळी पाटी म्हणजे मालवाहू, पांढरी म्हणजे खासगी. डबल कॅब गाडी खासगी नोंदणीत घ्यायची असेल तर तशी होईल की नाही हे बुकिंगचे पैसे भरण्याआधी आरटीओतून विचारून घ्या, डीलरच्या तोंडी शब्दावर नको.

मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. जुन्या गाडीचं पासिंग कधी संपतंय ते आरसीवर बघा. पुढच्या महिन्यात संपत असेल तर विकणाऱ्याने विकायला का काढली ते कळलंच. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून चलन बाकी आहे का बघा. नाव चढवायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. सिंधुदुर्गची एमएच-०७ किंवा बेळगावची केए-२२ ची गाडी "चालवा तशीच, इथे कोण विचारतो?" असं सांगणारे भेटतील. १२ महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो.

विम्यात इंजिन प्रोटेक्टची जोड घ्या. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली आणि इंजिनात पाणी ओढलं, तर साधा विमा ते भरून देत नाही.

पायरी ६: पहिला पावसाळा

नवी गाडी असेल तर अंडरकोटिंग पहिल्याच महिन्यात, कोरड्या हवेत करून घ्या. जुनीला करायचं तर आधी गंज घासून काढून, प्रायमर मारून. गंजावरच काळा थर मारला की पाणी आत अडकतं आणि लोखंड आतून सडतं, मी ते पैसे मोजून शिकलोय. मासळी, बर्फ, मीठ, खत यांतलं काही नेलं तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने वर नाही, खाली धुवा. हौद्याची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा.

डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा नळ पावसाळ्यात महिन्यातून एकदा सोडा, कॉमन रेलच्या इंजेक्टरला पाणी चालत नाही. चिरेखाणीवर जात असाल तर एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर बघा, त्या तांबड्या धुळीचा हिशेब पुस्तक लिहिणाऱ्याने धरलेला नसतो. मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीस द्या. भरलेली गाडी घेऊन चोर्ला किंवा अनमोड उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत लायनरचा वास येईल.

आणि पहिल्या हजार किलोमीटरनंतर, माल वाहून झाल्यावर, पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. नवे पाटे भाराखाली बसतात आणि बोल्ट सैल पडतात. शोरूमवाला विसरतो, तुम्ही मेस्त्रीकडे जा. दहा मिनिटांचं काम आहे, आमचा मेस्त्री त्याचे पैसे घेत नाही, चहा घेतो.